शेवटच्या बाकाची शांती

"सातवेकर ना? त्या बेडवर आता त्या नाहीत. थांबा हं, विचारून सांगते," पलीकडची मुलगी म्हणाली, आणि फोन कट झाला.

सलोमी मागच्या दारी धुण्याच्या दगडाशी उभी होती. सातवेकरांच्या घरात धड रेंज यायची ती एवढ्याच जागी, त्यामुळे थोरली नणंद शांतीआक्का दवाखान्यात गेल्यापासून घरातली बरीवाईट बातमी आधी त्या दगडाला कळायची आणि मग माणसांना. तिने पुन्हा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्या बेडवर त्या नाहीत, मग कुठं आहेत? अशा दिवसांत बेडवरून उठलेलं माणूस दोनच वाटांनी जायचं, आणि त्यातली एक वाट मनात आणायची नाही असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं. पण मन म्हणजे काय सातवेकरांची सून थोडंच, सांगितलं की ऐकायला!

तेवढ्यात घंटा झाली.

देवळाची घंटा. एक टोला, आणि मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सावकाश म्हणून होईल एवढा वेळ काही नाही. मग दुसरा टोला.

 रविवारची घंटा कशी दुडक्या चालीची असते. ही मयताची होती. आणि कोरोनाच्या या दुसऱ्या लाटेत मयताची घंटा वाजवायचीच नाही, असं पंचांनी ठरवलेलं. रोज कुणी ना कुणी जात होतं, रोज टोले पडले असते तर धडधाकट माणसांनीही अंथरूण धरलं असतं. महिनाभर ती घंटा गप्प होती. ती आज वाजली म्हणजे कुणीतरी असं गेलं होतं, की घंटा वाजवणाऱ्या पिराजीमामाला नियम पाळवला नाही. आणि पिराजीमामाच्या दोन्ही लेकी, त्यांची चारही नातवंडं जिच्या हातावर झाली, ती नर्स एकच, शांतीआक्का.

ती आत आली. तिचा नवरा दानिएल खुर्चीत ताठ बसला होता. उभा जन्म शिरोलीच्या फौंड्रीत काढल्यामुळे त्याला कान बेताचेच होते. सून-नातवंडं पुण्याहून व्हिडिओ कॉल करायची, तर हा मोबाइलवर असा ओरडायचा की पुण्याला फोनची गरजच पडू नये. पण घंटा त्याला कानांनी ऐकावी लागत नव्हती.

"कुणाची गं?" त्याने विचारलं.

 सलोमीच्या हातात फोन थरथरत होता, आणि ती थरथर तिची नव्हती, फोनची होती. रेंजमधून आत आली तरी मेसेज आत घुसतच होते. 'संत आंद्रिया परिवार' या मंडळीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. 'शांतीसिस्टर प्रभूमध्ये निजल्या. फार मोठी पोकळी.' 'आमच्या लाडक्या सिस्टर.' 'विश्वासच बसत नाही.' समुद्रेबाईंनी तर आठ ओळी लिहिल्या होत्या. समुद्रेबाई आणि आक्का, दोघींचं मंडळीत कधी पटलं नव्हतं. ते आठ ओळींचं प्रेम वाचलं आणि सलोमीची उरलीसुरली आशा मावळली. जिवंत माणसाबद्दल समुद्रेबाई एवढं गोड लिहिणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आक्काची हाय का?" दानिएलने पुन्हा विचारलं.

"ग्रुपवर आलंय," एवढंच ती म्हणाली.

तो रडला नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून तो नुसता बसून राहिला. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा, धाकटा बर्नबा पाळण्यातला. दोघांना न्हाऊमाखू घालून, शाळेत धाडून, लग्नं लावून दिली ती या बहिणीने. स्वतःचं लग्न राहून गेलं, तर 'मला दोन पोरं आधीच हायत' म्हणून हसून सोडून दिलं. चौथा टोला पडला, पाचवा पडला. मग दानिएलच्या तोंडून चार वर्षांत न निघालेलं नाव निघालं.

"बर्नबाला कुणी सांगितलं का?"

मलिकाभाभींनी मधल्या भिंतीवरून डोकं वर काढलं. पलीकडचं घर त्यांच्या नवऱ्याचं, मीरासाबचं. दोन्ही घरांचा शेजार भिंतीपेक्षा जुना. "वहिनी, घंटा ऐकली. चूल पेटवू नका. भाकरी-आमटी मी देते," असं म्हणत त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मेरे नईमको पहला टीका उन्होंनेच दिया था."

सलोमीने मान हलवली. कुणाकुणाला कळवायचं, दवाखान्यातून कुणी आणायचं, पुरायला चार माणसं तरी मिळतील का, हे सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. पण दानिएलने विचारलेलं आधी करायला हवं होतं. धाकट्या दिराला कळवायचं होतं. ती परत दगडाशी गेली आणि जयसिंगपूरचा नंबर शोधू लागली.

हा नंबर तिच्या फोनमध्ये रोज वाजायचा, आणि ही गोष्ट तिने घरात कधी बोलून दाखवली नव्हती.

त्याचं असं झालं होतं. गावातल्या बाकीच्या मंडळ्या अमेरिकन मिशनच्या. त्यांची उपासना जरा मोकळीढाकळी. संत आंद्रियाचं देऊळ पडलं इंग्रज साहेबाच्या वळणाचं, अँग्लिकन. इथं सगळं पुस्तकातून, ठरल्या वेळी उभं राहायचं, ठरल्या वेळी गुडघे टेकायचे. आणि प्रभुभोजनाच्या आधी शेजारच्याचा हात हातात घेऊन म्हणायचं, 'प्रभूची शांती तुमच्याबरोबर सर्वदा असो.' शेजाऱ्याने म्हणायचं, 'आणि तुमच्याबरोबरही असो.' देवळाला कुलूप लागलं तेव्हा बाकी सगळं पाळकसाहेबांनी मोबाइलवर आणलं. प्रवचन आणलं, गीतं आणली, पण हात कसा आणणार? तेव्हा आक्काने तोडगा काढला. रोज संध्याकाळी शांती फोनवरून द्यायची, आणि ज्या क्रमाने देवळात बसतो त्याच क्रमाने. पहिल्या बाकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत शेवटच्या बाकापर्यंत. शेवटच्या बाकाने उलट पहिल्याला फोन करायचा, म्हणजे वर्तुळ पुरं. मग आक्का ग्रुपवर दोन शब्द टाकायची: 'शांती पोचली.' आपल्या नावावरचा हा विनोद तिला फार आवडायचा. एखाद्या घरून फोन उचलला नाही, की शांती तिथेच अडायची आणि सगळ्यांना कळायचं, या घरात काहीतरी बिनसलंय. दोन माणसांचे प्राण त्या अडलेल्या फोनांनी वाचवले होते. स्वतः आक्काही त्यातच सापडली. तिने शेवटच्या बाकाचा फोन उचलला नाही म्हणून सगळे तिच्या घरी धावले, तर ती एकटीच स्वयंपाकघरात धापा टाकत बसलेली.

पहिल्या बाकावर आक्का, कारण तिलाही ऐकू कमी यायचं. दुसऱ्यावर दानिएल आणि सलोमी. आणि शेवटच्या बाकावर बर्नबा. म्हणजे धाकट्या भावाने रोज थोरल्या बहिणीला फोन करायचा, हे त्या म्हातारीने कसं बेमालूम जमवलं होतं! आक्का दवाखान्यात गेल्यावर शेवटच्या बाकाचा फोन सलोमीकडे येऊ लागला. बर्नबाने मात्र स्वतः कधी केला नाही. फोन यायचा त्याच्या सुनेचा, राजनंदिनीचा.

राजनंदिनी मुरगूडची, शेतकऱ्याघरची हिंदू मुलगी. बर्नबाच्या विश्वजितने तिच्याशी कोर्टात लग्न केलं आणि त्याच वर्षी ईस्टरला तिला देवळात आणलं. नवी साडी नेसून, बावरून, ती सासऱ्याच्या मागोमाग दुसऱ्या बाकाशी आली. बाक पाच माणसांचा, बसलेली दोघं. दानिएलने समोर वेदीकडे बघत, मान न वळवता म्हटलं, "हितं जागा न्हाय." सगळ्या मंडळीने ऐकलं, कारण फौंड्रीचा आवाज. बर्नबाने मुलाला आणि सुनेला घेतलं, जाऊन शेवटच्या बाकावर बसला, आणि तिथून पुढं दोन्ही भावांत एक शब्द नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सातवेकरांच्या घरात तर सुंभाला पिळाचाच अभिमान.

सलोमीचं बोट नंबरावर गेलं आणि थांबलं. ही बातमी ग्रुपवर आधी टाकली कुणी? पाळकसाहेबांनी? दवाखान्याने पाळकसाहेबांना कळवलं आणि घरच्यांना नाही, हे कसं? तिने मेसेज वर सरकवले. श्रद्धांजल्या, फुलं, मेणबत्त्या, समुद्रेबाईंच्या आठ ओळी. आणि सगळ्याच्या मुळाशी एकच ओळ:

'शांती गेली. काकींचा फोन लागत नाही.'

पाठवणारी राजनंदिनी.

सलोमीने ती ओळ वाचली, परत वाचली. तिला काहीतरी खुपत होतं. शांती गेली? ही पोरगी सासरच्या मांजरालाही अहो-जाहो करणारी. आक्काचा उल्लेख 'आत्याबाई' शिवाय तिच्या तोंडून कधी आला नव्हता. तिला खरंच कळवायचं असतं, तर रडत रडतसुद्धा तिने 'आत्याबाई गेल्या' असंच लिहिलं असतं. आत्तेसासूला 'शांती' म्हणून, तेही 'गेली' असं एकेरीत? मेली तरी नाही म्हणायची.

 सलोमीने नंबर दाबला.

"काकी!" पलीकडे हुंदका फुटला. "आत्याबाई कशा वो गेल्या? सकाळी तर ऑक्सिजन कमी केलाय म्हणालासा!"

"तुला कुणी सांगितलं गेल्या म्हणून?"

"ग्रुपवर समद्यांनी लिवलंय की. मामंजींनी वाचलं आन तसंच निघालं, ह्यास्नी घेऊन, गाडीवरनं. जेवलं बी न्हाईत."

"आणि समद्यांना कुणी सांगितलं?"

"आता ते मला काय ठावं?"

"राजनंदिनी, तू आज ग्रुपवर काय लिहिलंस?"

"मी व्हय? मी आपलं रोजचंच. तुमचा फोन लागंना. सारखा एंगेज. शांती तर माझ्यापाशी येऊन खोळंबलेली. मग वाटलं, माझ्याकडनं फुडं गेली एवढं तरी लिवावं, न्हाईतर समदी म्हणत्याल हिनंच अडवली. पोचली असं कसं लिवू? पोचली न्हवतीच की." ती बोलता बोलता अडली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अगं बया."

ध चा मा झाला होता. एका ओळीचा बारा घरांनी मिळून मा केला होता, आणि तोच फिरून फिरून राजनंदिनीच्या फोनवर आला, तर तिने स्वतःच त्यावर विश्वास ठेवून सासऱ्याला रडवलं होतं.

"काकी, मी काय केलं वो हे! आता मामंजी... आन थोरलं मामंजी तर मला..."

"रडू नको. विश्वजितला फोन लाव, सांग त्याला."

"गाडीवर हायत, उचलत न्हाईत."

"लावत राहा," सलोमी म्हणाली आणि आत पळाली. "अहो! अहो, ऐकलंत का? चूक झालीय. फोनवरची शांती गेली असं लिहिलंय पोरीनं. आपल्या आक्का नव्हेत!"

दानिएलला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा कानामुळे, दुसऱ्यांदा भीतीमुळे. मग त्याने सलोमीकडे बघितलं आणि नेमकं तेच विचारलं जे तिला कुणी विचारायला नको होतं.

"मग बेडवर का न्हाय?"

 मेसेज खोटा ठरला म्हणून माणूस जिवंत ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असंही होतं कधी कधी. बाहेर पिराजीमामा टोले देतच होते. मयताच्या वयाइतके टोले द्यायचे अशी रीत, आणि आक्काच्या वयाला ती रीत लांबणारच. दोघं नवराबायको मागच्या दारी दगडाशी आले. सलोमी नंबर लावत राहिली, दानिएल तिच्या शेजारी उभा राहून ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणत राहिला, आणि प्रत्येक टोल्याला त्याची प्रार्थना तुटायची व तो पहिल्यापासून सुरू करायचा.

फोन वाजला. अनोळखी नंबर. सलोमीला उचलायचं धैर्य होईना. दानिएलने तिच्या हातातून घेतला आणि ओरडला, "कोण?"

"हळू वरड, दान्या. दवाखाना हाय," फोनमधून घोगरा आवाज आला. "माझा चष्मा कुठाय? पिशवीत न्हाय. ह्या पोरीचा फोन मागून घेतलाय, लवकर बोल."

दानिएल त्या धुण्याच्या दगडावरच बसला. ओला होता, तरी बसला.

"आक्का?"

"मग कोण, तुझी सासू? तिकडनं हिकडं आणलंय मला, साध्या वॉर्डात. नळी काढली. पेज देत्यात, तिला मीठ न्हाय. सलोमीला म्हणावं लोणच्याची फोड पाठव. आन घंटा कुणाची वाजतिया? फोनमधनं ऐकू येतंय मला."

 सलोमीने फोन स्पीकरवर टाकला, आणि रडत, हसत, अडखळत सगळं सांगितलं. पलीकडे कॉट करकरली. मग खोकला. मग आक्काचं हसू, दम लागलेलं, खरखरीत.

"माझी? अगं माझी घंटा मीच ऐकाया लागलीय! पिराज्याला म्हणावं पुरं कर. माझं खरं वय दाखल्यावरच्यापेक्षा कमी हाय, उगंच जास्तीचं टोलं नकोत."

"आक्का, समुद्रेबाईंनी तुमच्यावर आठ ओळी लिहिल्यात. प्रेमळ म्हणून."

"पुसू देऊ नको," आक्का म्हणाली. "चष्मा आला की वाचते. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात. समुद्रेबाईला आता सोसावं लागंल."

फोन नर्सला परत द्यावा लागला. दानिएल दगडावर बसून मोठमोठ्याने रडला, मघा न रडलेलं सगळं. सलोमीचा जीव भांड्यात पडला होता. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. भिंतीपलीकडून मलिकाभाभींनी घाबरून विचारलं, तेव्हा सलोमी ओरडून म्हणाली, "हायत! जिवंत हायत! लोणचं मागतायत!" त्यावर भाभींनी "अल्ला का शुकर" म्हणून तसंच भाकरीचं टोपलं भिंतीवर ठेवलं. "केलीय ती खा आता. दुखाची म्हणून थापली, खुशीची म्हणून खा." आणि कुणीतरी देवळात पळत गेलं असावं, कारण एक टोला अर्ध्यातच लटपटला आणि घंटा थांबली.

मग दानिएलला आठवलं. "बर्नबा?"

"निघालाय. विश्वजितच्या गाडीवर. राजनंदिनी फोन लावतीय, उचलत नाहीत."

दानिएल उठला. तोंड धुतलं, शर्ट बदलला, मास्क लावला, काढला, परत लावला. गेटपर्यंत गेला, परत आला. सलोमी मुद्दाम भाकरी मोडत बसली.

"आल्यावर तू सांग त्याला," तो म्हणाला.

"मी नाही सांगणार."

"का?"

"बहीण तुमची, भाऊ तुमचा. चांगलीच बातमी आहे. सांगितली तर तोंड नाही भाजणार."

त्याने तिच्याकडे रागाने बघितलं. पण गेटवर मात्र तोच गेला.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. विश्वजित औषधाच्या कारखान्यात असल्यामुळे त्याच्याकडे पास होता. तरी नाक्यांवर दोनदा अडवलं होतं. बर्नबा मागे बसलेला, मास्क भिजून तोंडाला चिकटलेला. तो उतरला आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेलाच उभा राहिला. भावाच्या गेटाशी यावं की न यावं, हे बहीण मेल्यावरही त्याला ठरवता येईना. सलोमी दारातून बघत होती. मधे एवढासा रस्ता, आणि त्यावर चार वर्षांचं कुंपण.

दानिएलने गेटाची कडी धरली. एकदा घसा खाकरला. आणि मग त्याच्या छातीतली अख्खी फौंड्री पेटली.

"गेली न्हाय रं! हाय! आक्का हाय!"

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बर्नबा होता तिथेच मटकन खाली बसला. विश्वजितने त्याला धरलं. दानिएल गेट उघडून निम्म्या रस्त्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, कारण पुढं जायचं नाही हे सरकारनेही सांगितलं होतं आणि पिळानेही. तिथूनच तो सांगत राहिला, साधा वॉर्ड, नळी काढली, पेजेला मीठ नाही, चष्मा हरवलाय. प्रत्येक गोष्ट दोनदा. बर्नबा ऐकत होता आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"मग घंटा? मग मेसेज?" त्याने शेवटी विचारलं. "टाकला कुणी?"

 सलोमी पुढे आली आणि जमेल तेवढं हलकं करून सांगितलं. पण बर्नबाचा चेहरा पालटला. तो उठून उभा राहिला.

"म्हणजे माझ्या सुनंनं," तो म्हणाला. "बोल आता. बोल की दान्या. मंडळीतली रीत कळत न्हाय, भाषा कळत न्हाय, बाहेरची हाय, बोल. एकदा बाकावरनं उठवलंस, आता फोनवरनं उठीव."

"मी काय म्हटलंय का?" दानिएलही तडकला.

"तू न म्हणताच समद्यांना ऐकू जातं! तुला ठावं हाय का, रोज तुझ्या घरात शांती कोण पोचवतंय? मी न्हाय. मला तुझ्या दारात फोन करायला तोंड उघडत न्हवतं, रागानं. ती करती. मी नको म्हणालो तर म्हणली, मामंजी, आत्याबाईंनी ठरवलेलं मोडायचं न्हाय. मुरगूडची पोर मला शिकवतीया!"

सलोमीला वाटलं, झालं. सावरलेलं सगळं परत फुटलं. दानिएल वळून तिच्याकडे बघत होता. रोज संध्याकाळी ती दगडाशी जाऊन यायची आणि म्हणायची, 'शेवटच्या बाकाचा फोन आला.' कुणाचा ते त्याने कधी विचारलं नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं. आता तो तिला काय बोलतो, या धास्तीने तिने पदर आवळून धरला.

"ती करती व्हय?" त्याने विचारलं.

"हो."

"काय म्हणती?"

"जे म्हणायचं तेच म्हणते. पुस्तकातलं. एक शब्द चुकत नाही."

 दानिएलने हात पुढे केला. "फोन दे. आन लावून दे."

रेंजसाठी त्याला मागच्या दारी जावं लागलं, पण त्याने काही बिघडलं नाही. तो बोलला ते पुढच्या गल्लीत स्वच्छ ऐकू येत होतं. सलोमीने नंबर लावून स्पीकर चालू करून दिला आणि ती मागच्या उंबऱ्यात उभी राहिली; तिथून घरातून थेट पुढचं गेट दिसायचं.

"पोरी, मी दानिएल. तुझा थोरला सासरा."

पलीकडे काहीतरी भांडं पडलं. मग राजनंदिनी भडाभडा बोलायला लागली. "मामंजी, चुकलं माझं. मला तसं म्हणायचं न्हवतं, मी आपलं..."

"ऱ्हाऊ दे ते. आक्का बरी हाय, आपली घंटा ऐकून हसलीय ती. आधी काम. आज शेवटच्या बाकाची शांती आमच्याकडं आली न्हाय अजून. समदी मंडळी खोळंबलीय. म्हण."

"आत्ता?"

"मग उद्या व्हय?"

तिने नाक ओढलं. मग शाळेतल्या मुलीसारखं, एकेक शब्द नीट उचलून, ती म्हणाली, "प्रभूची शांती तुमच्याबरोबर सर्वदा असो."

दानिएलने डोक्यावरची टोपी काढली. देवळात काढायचा तशी. "आणि तुझ्याबरोबरही असो," तो म्हणाला. नेहमीचा मोठा आवाज त्याच्या तोंडून निघाला नाही.

सलोमीला वाटलं तो आता फोन देईल. पण तो कानाशी धरूनच उभा होता, आणि दुसऱ्या हातातली टोपी चुरगाळत होता.

"आन ऐक," तो शेवटी म्हणाला. "देऊळ उघडलं की मागं जाऊन बसायचं न्हाय. शेवटच्या बाकावर वारं लागत न्हाय."

"मग कुठं बसू?"

"दुसऱ्या. आमच्या."

 राजनंदिनीने विचारलं ते टोमणा म्हणून नव्हतं. त्या ईस्टरपासून तिने ते खरंच मानलं होतं, म्हणून विचारलं. "पण मामंजी, तिथं जागा न्हाय म्हणालावतासा."

पुढच्या गेटापलीकडे, भावाचं 'आमच्या' ऐकून, बर्नबाची हालचाल थांबली होती. दानिएलने डोळे मिटले, उघडले.

"हाय की," तो म्हणाला. "मी सरकतो."